मेल्चोरा बिनकामाची निघते

मेल्चोरा चुकिचांपी अठ्ठावन्नाव्या वर्षी एका गोऱ्याबरोबर पळून चालली आहे, ही बातमी चिल्कामायो गावाच्या नळावर मंगळवारी सकाळी फुटली आणि दुपारचे बटाटे शिजायच्या आत वरच्या वस्तीवर पोचली. गोरा कुणी म्हणे डच, कुणी म्हणे दातांचा डॉक्टर. पुरावा भक्कम होता. मेल्चोराच्या अंगणात निळे डोंगरी बूट वाळत होते, भिंतीला चालायच्या दोन काठ्या टेकवल्या होत्या, आणि ती स्वतः पाठीवर सॅक लावून अंगणातल्या अंगणात फेऱ्या मारत होती. शिवाय बातमी फोडणारी बासिलिया, म्हणजे तिची सख्खी धाकटी जाऊ. घरचीच साक्ष. मग अपील कुठं करणार?

खरी गोष्ट इतकी रंगीत नव्हती. बूट कुस्को शहराच्या जुन्या बाजारातले, आणि त्यातला डावा उजव्यापेक्षा बोटभर मोठा. काठ्या एक जर्मन बाई गेल्या हंगामात टाकून गेली होती, त्यातली एक वाकली म्हणून. पळून कुणीच चाललं नव्हतं. मेल्चोरा सुट्टीवर चालली होती. आउसांगाते डोंगराभोवती पाच दिवस, तंबूत झोपून, हात हलवत, पाहुण्यासारखी.

हे ऐकल्यावर गावाला आधीची बातमीच जास्त पटण्यासारखी वाटली.

कारण त्या वाटेवर मेल्चोरा काही नवी नव्हती. सत्तावीस वर्षं ती तिथं गोऱ्या पाहुण्यांची स्वयंपाकीण. जिथं धड श्वास मिळत नाही तिथं तिनं धिरडी फुगवली आहेत. उंची लागून पांढराफटक पडलेला एक धिप्पाड माणूस तिच्या लसणाच्या सुपावर उठून बसला आणि त्यानं तिला तिथंच लग्नाची मागणी घातली; तिनं त्याला आणखी एक वाटी दिली आणि झोपायला लावलं. ‘जेवण तयार आहे’ हे ती सहा भाषांत म्हणू शकते, आणि सहाही भाषांत ते रागावल्यासारखंच ऐकू येतं.

पण स्वयंपाकिणीची चाल वेगळी असते. सकाळी पाहुणे न्याहारी करून पुढं निघतात. मागं राहून हिनं भांडी घासायची, तंबू पाडायचे, सगळं घोड्यांवर लादायचं आणि मग असं तरातरा निघायचं की पाहुण्यांना गाठून मागं टाकलं पाहिजे. कारण ते पुढच्या मुक्कामाला टेकतील तेव्हा सूप उकळत असायला हवं. खिंडीत पाहुणे बसलेले असतात. कुणी फोटो काढतो, कुणी चॉकलेट खातो, एखादी बाई समोरच्या बर्फाकडं बघून चक्क डोळे पुसते. मेल्चोरा त्यांच्या शेजारून पातेली खडखडवत निघून जाते. दोनशे वेळा तरी ती त्या खिंडीतून गेली असेल. बसली एकदाही नाही.

आणि आता वेळ उरला नव्हता. जूनला हंगाम सुरू, तो सप्टेंबरपर्यंत. सप्टेंबरात कुस्कोची मुलगी तिला कायमची घेऊन जाणार होती, नातू सांभाळायला. गुडघे तर जिना बघूनच कुरकुरत. राहिला होता एक मे महिना.

म्हणून तिनं बेत आखला. घोडी हिलारियो आबांची. सत्तरीचे आबा तिच्याबरोबर पहिल्या दिवसापासून त्या वाटेवर आहेत. स्वयंपाकाला बासिलिया, कारण पुढच्या वर्षीच्या हंगामापासून पातेली तिच्याकडंच जायची होती.

“ही तुझी परीक्षा समज,” मेल्चोरा म्हणाली. “सकाळी उजाडायच्या आत तंबूपाशी यायचं. चहाचा कप आत द्यायचा. मग हात धुवायला गरम पाणी, वाडग्यात.”

“तंबूत चहा? तुला?” बासिलियानं कमरेवर हात ठेवले. “जाऊबाई, आपल्याकडं अंथरुणात चहा दोघींनाच मिळतो. एक बाळंतीण, दुसरी मरायला टेकलेली. तू यातली कोण?”

“मी पाहुणी.”

“आणि शुभ सकाळही म्हणू का?”

“म्हणायचंच. हसून. तुला जमेल तेवढं.”

बासिलिया घरी जाऊन तासभर धुसफुसली. पण संध्याकाळी तिच्या कुडाआडून आवाज येत होता: “शुभ सकाळ, बाई. शुभ सकाळ.” तिचा नवरा विचारत होता की बाई कोण.

पुढं मात्र वेगळंच संकट उभं राहिलं. चिल्कामायोत डोंगराकडं रिकाम्या हातानं कुणी जात नाही. लोक वर जातात ते अल्पाका चारायला, यात्रेला, नाहीतर पाहुण्यांच्या सामानामागं. त्यामुळं मेल्चोरा निघाली म्हटल्यावर गाव प्रेमानं धावून आलं. एकीनं पलीकडच्या खोऱ्यातल्या बहिणीसाठी चीज आणून ठेवलं. एकानं सांगितलं, जातेच आहेस तर माझा मेंढा तिकडच्या मेंढ्यांत सोडून ये. तिसऱ्यानं अकरा अल्पाकाच दारात उभ्या केल्या. “वाटेतच तर आहे!”

मेल्चोरानं चीज परत केलं, मेंढा परत केला, अल्पाका हाकलल्या. “मी काही कामाला नाही चाललेय,” ती प्रत्येकाला सांगायची. “फिरायला चाललेय.”

“हो गं, फिरायलाच. पण फिरता फिरता...”

चार दिवसांत गावाचं एकमत झालं, की बाईला कुस्कोची हवा आधीच लागली.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी तिघं हिलारियो आबांच्या कुंपणापाशी जमली. घोड्यांचे दोर तपासून झाले. आता रिवाजाप्रमाणं डोंगराला सांगून त्याची परवानगी घ्यायची राहिली होती. आबांनी कागद पसरला, त्यावर लामा जनावराची चरबी, रंगीत गोळ्या आणि चिमूटभर मका ठेवला. मग कोकाची अखंड तीन पानं निवडून बोटांत पंख्यासारखी धरली, तोंडापाशी नेली आणि थांबले.

“काय काम आहे म्हणून सांगू?”

“काही काम नाही, आबा.”

“असं कसं? तो विचारणार ना. कोण आलंय, कशाला आलंय. पाऊस पाहिजे, कोकरं जगू देत, पोरीला नवरा मिळू दे, काहीतरी लागतंच.”

“मजा करायला आलीय म्हणावं.”

आबांनी पानं खाली केली. “हे मी त्याच्या तोंडावर नाही सांगणार.”

“मग नका सांगू. असेच जाऊ.”

“न सांगता मी घोडी काढत नाही,” आबा म्हणाले.

“आणि मी चूल,” बासिलियानं घाईघाईनं जोडलं. “शुभ सकाळ राहिली घरी.”

मेल्चोरानं मोठ्या डाव्या बुटातला पाय जमिनीवर दोनदा आपटला. आबांना ते बघवेना. ते हलक्या आवाजात म्हणाले, “पोरी, एक कर. वरच्या वस्तीवरच्या सेनोबियोची एक मेंढी वर हरवलीय, दुसऱ्या तळ्याच्या बाजूला. ती शोधायला चाललीस म्हणतो. मेंढी मिळो न मिळो. सगळं रीतसर होईल.”

वाट सोपी होती. नुसतं हो म्हणायचं होतं. पण मेल्चोरा स्वतःला ओळखून होती. एकदा डोंगराला शब्द गेला, की ती पाचही दिवस दगडामागं मेंढी शोधत फिरली असती, आणि सापडली असती तर खांद्यावर घेऊन धावत घरी आली असती.

“नाही,” ती म्हणाली. “आणि आबा, गोऱ्यांसाठी सत्तावीस वर्षं काय सांगता तुम्ही? त्यांच्या कुठं मेंढ्या हरवल्यात?”

आबांनी टोपी मागं सारून कान खाजवला. “त्यांचं वेगळं आहे.”

“काय वेगळं?”

“मी सांगतो... बाबा, यांचं काहीतरी हरवलंय. काय, ते यांनाही माहीत नाही. ते सापडू दे आणि यांना धडधाकट घरी जाऊ दे.”

बासिलिया तोंडाला शाल लावून हसत सुटली. “अगं बाई! आणि ते बिचारे टोप्या काढून उभे राहतात, फोटो काढतात!”

“चांगले पोचलेत ना सगळे घरी?” आबा फणकारले.

“मग माझंही तेच सांगा,” मेल्चोरा म्हणाली.

“तुझं काय हरवलंय? घर आहे, लेक आहे, जीभ तर चांगलीच शाबूत आहे. खोटं सांगितलं तर तो गारा धाडतो. आणि त्या गारांत खिंडीत मीही असणार.”

समोर डोंगर स्वच्छ उभा होता, एकही ढग नाही. आबांनी पानं पुन्हा उचलली, तोंडापाशी नेली, आणि भुवया उडवून शेवटचं विचारलं, “बोल. कशाला आलीस म्हणून सांगू?”

मेल्चोरानं डोंगराकडं पाहिलं, मग आबांकडं.

“सांगा त्याला, सत्तावीस वर्षं तुझ्या दारावरून पातेली वाजवत पळत गेले, एकदाही टेकले नाही. यावेळी बसायला आलेय म्हणावं. आणि चहा बासिलिया करणार आहे.”