सात नंबरच्या खाटेचा आकडा

हॉस्पिटलातल्या कॉम्प्युटरवाल्याला सगळे दुभाषी म्हणत. खरं तर ते नाव त्याच्या पेटीचं. इंटरनेटवरचे जुने पत्ते आखूड, नवे लांबलचक, आणि एकाला दुसऱ्याचं ओ की ठो कळत नाही. म्हणून मध्ये भाषांतर करणारी पेटी बसवायची. कागदावरचं तिचं नाव वाचताना जीभ अडखळायची, म्हणून वॉर्डातली सिस्टर तिला ‘दुभाषी’ म्हणू लागली. बघता बघता पेटी राहिली बाजूला आणि नाव याला चिकटलं.

खाटांवरची, पेशंटवर लक्ष ठेवणारी यंत्रं नव्या पत्त्यांवर गेली होती. सिस्टरच्या टेबलावर बेल वाजवणारा कॉम्प्युटर मात्र जुनाच.

“साहेब, पेटीतून पंधराही खाटा एकाच पत्त्याने दिसतील,” याने सांगितलं होतं. “बेल वाजेल, पण कोणाची ते कळायचं नाही.”

“अहो, वॉर्ड आहे की मैदान? सिस्टर उठून बघेल की!” साहेबांनी उडवून लावलं. सोमवारी तपासणी होती. यानेही मान डोलावली.

पण घात झाला वेगळ्याच ठिकाणी. पेटीची एक खोड होती. यंत्राने बेलच्या कॉम्प्युटरला नावाने शोधलं, तरच ती मध्ये पडायची. नावाऐवजी थेट जुन्या पत्त्याचा आकडा लिहिलेला असेल, तर निरोप कुठेच पोचायचा नाही. चौदा यंत्रांत नाव होतं, सातव्यात आकडा. कधीकाळी घाईत यानेच स्वतःच्या हाताने टाकलेला आणि पार विसरलेला. पेटी बसवल्यावर पठ्ठ्याने एक नंबरची खाट वाजवून पाहिली, आठची पाहिली, आणि झालं म्हणाला! अरे, पंधरा खाटा वाजवायला असा कितीसा वेळ लागतो?

गुरुवारी दुपारी सात नंबरचे आजोबा गेले. त्याच सुमाराला नऊ नंबरची वायर निसटली, बेल झाली, सिस्टरने धावत जाऊन वायर बसवली. सातची बेल वाजलीच नाही. नोंदीत मात्र दोन चाळीसला एक बेल, आणि पत्ता पेटीचा. चौकशीत साहेबांनी त्यावरच बोट ठेवलं. “ही सातची. सिस्टरने दुर्लक्ष केलं.” बेल नऊची होती, हे तिचं म्हणणं कोणी मानलं नाही. तिला घरी बसवलं.

याला आजोबा गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी तो आकडा सापडला होता. पायाखालची जमीन सरकली. गुपचूप आकडा पुसून त्याने नाव टाकलं आणि तोंड बंद ठेवलं. आज सांगू, उद्या सांगू करत दोन महिने काढले. बायको विचारायची, “अहो, जेवण का जात नाही तुम्हाला?” हा म्हणायचा, पित्त झालंय.

शेवटी राहवेना. चौकशी समितीपुढे सगळं ओकून तो थेट सिस्टरच्या घरी गेला. दारातच म्हणाला, “ताई, बेल वाजलीच नव्हती. चूक माझी होती.”

ती चौकटीला धरून उभी राहिली. “कधी कळलं?”

“दुसऱ्या दिवशी.”

“मला वाटायला लागलं होतं, वाजली असेल, मीच ऐकली नसेल. गेल्या महिन्यात त्या आजोबांच्या मुलीकडे जाऊन पाया पडले मी. तुमचे वडील माझ्यामुळे गेले, असं तिला म्हणाले. तिने मला दारातून हाकलून दिलं.”

तिने कोपऱ्यातल्या चपला पायात सरकवल्या.

“चला,” ती म्हणाली. “आता हेच तिच्यासमोर बोला.”