जहाजावर गेलेला डबा

एप्रिलमधली गोष्ट. भोपाळच्या बरखेड्यात सुधाच्या क्वार्टरमध्ये आम्ही चौघी मैत्रिणी दशम्या लाटत होतो, बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि सुधाच्या लेकीचा फोन आला... आई, तुमची ती जहाजवाली कंपनी बुडाली, सगळ्या सफरी रद्द!

दोनच दिवसांनी आम्ही निघणार होतो. गोव्याहून खऱ्याखुऱ्या शिडांच्या जहाजातून पाच दिवस समुद्रावर. मी मूळची नागपूरची, लग्नानंतर भोपाळची... माझा समुद्र म्हणजे आपला मोठा तलाव.

दशम्या कशाला, असं विचाराल. तर जहाजावर सगळं परदेशी पद्धतीचं जेवण असतं, असं सुधाने कुठूनसं ऐकलं होतं. म्हणून मेतकूट, दाण्याची चटणी, चिवडा, गूळपोळ्या, शंकरपाळे... आमचे हे म्हणाले, "पाच दिवसांसाठी चाललात की कायमच्या?"

माझ्या शंकांना कंटाळून बुकिंगवाल्यांनी मला थेट जहाजावरच्या आचाऱ्याचा नंबर देऊन टाकला होता. महेशभाऊ, पन्नाशीचे, मालवणकडचे. "ताई, काळजी करू नका, वरण-भात गावतलो," असं त्यांनी मला निदान चार वेळा तरी सांगितलं असेल.

शिडं नेमकी किती वाजता उभारतात, हेही मी विचारून ठेवलं होतं. कारण दुपारी दोन ते चार माझी झोप असते, तीस वर्षं शाळेत शिकवून कमावलेली! ते हसून म्हणाले, "खुशाल झोपा ताई. शीड उभारताना मी उठवीन."

आणि आता हे. ऑफिसात कोणी फोन उचलेना, तेव्हा मी महेशभाऊंना लावला आणि मनसोक्त तोंडसुख घेतलं. त्या बिचाऱ्याचा काय दोष... पण त्या क्षणी समोर दुसरं कोणी नव्हतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, तुमचं बरोबर आहे. पण आम्हालाही त्यांनी वाऱ्यावरच सोडलंय."

नऊ माणसं जहाजावर अडकली होती. पगार बंद, शिधा संपत आलेला, आणि नांगरलेलं जहाज सोडून जाता येत नाही, बदली माणसं येईपर्यंत थांबावंच लागतं. महेशभाऊंचं घर तिथून जेमतेम तीन-चार तासांवर, घरी म्हातारी आई एकटी.

मला स्वतःची इतकी लाज वाटली... फोन ठेवून मी तिघींना सगळं सांगितलं. सुधाने बंद केलेला गॅस पुन्हा पेटवला.

दशम्या उन्हात टिकल्या नसत्या, त्या आम्हीच खाल्ल्या. त्यांच्याऐवजी दोन किलो चिवडा आणखी केला. मेतकूट-चटणीच्या पुड्या मी सासूबाईंच्या मोठ्या स्टीलच्या डब्यात भरल्या, त्यावर त्यांचं नाव कोरलेलं आहे. त्या असत्या तर म्हणाल्या असत्या, गेला तो डबा!

कुरियरच्या दुकानातला माणूस पत्ता वाचून माझ्याकडे बघतच राहिला. "आंटी, पानी में कौन डिलीवरी करेगा? कोई पक्का पता दो ना!" शेवटी महेशभाऊंनी जेट्टीवरच्या चहावाल्याचा पत्ता दिला आणि पार्सल गेलं.

पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला. "ताई, आज नऊ जणांनी मेतकूट-भात खाल्ला." बोलता बोलता आवाज तुटला, आणि त्यानंतर तो नंबर जो बंद झाला तो झालाच.

एक आठवडा गेला, दोन गेले, महिना-दीड महिना गेला. आमच्या पैशांचं जे व्हायचं ते होईल, अर्ज भरून ठेवलाय. पण ती माणसं घरी पोचली की नाही, हे कोणाला विचारायचं? आमचे हेसुद्धा रोज चहाच्या वेळी विचारायचे, "काही कळलं का गं तुझ्या महेशभाऊंचं?"

काल दुपारी अडीचला बेल वाजली. ऐन झोपेत! करवादतच दार उघडलं, तर कुरियरवाला... खोक्यात सासूबाईंचा डबा, आणि चांगला जड.

शेजारचा डबा रिकामा परत करायचा नाही, हे आपल्याकडे कोणी शिकवावं लागत नाही. पण जहाजावर उपाशी राहिलेल्या माणसाने काय भरलं असेल? मी झाकण उघडलं.

आत जाड, मळकट पांढऱ्या कापडाची हाताने शिवलेली पिशवी होती. पिशवीभर आमसुलं... घरभर आंबटसर वास सुटला. सोबत वहीच्या कागदावर चिठ्ठी.

"ताई, फोन समुद्रात पडला, म्हणून कळवता आलं नाही. महिन्याभराने बदली माणसं आली, नऊही जण आपापल्या घरी पोचलो. पिशवी फाटक्या शिडाची आहे, मीच शिवली. तुम्हाला शीड बघायचं होतं. आमच्या गावात शिडाची होडी आहे, दिवाळीनंतर चौघी या. आमसुलं आईची. बारा वर्षांत पहिल्यांदाच ती वाळवताना मी घरी होतो."

शेवटची ओळ मी दोनदा वाचली आणि तिथेच सोफ्यावर बसून रडले. यांनी चिठ्ठी हातातून घेतली, वाचली, आणि चष्मा पुसत आत गेले. महेशभाऊ शीड बघायला उठवीन म्हणाले होते... उठवलं की!

संध्याकाळी तिघी आमच्याकडे शाहपुऱ्याला आल्या. सोलकढी केली, शिडाची पिशवी हातोहात फिरली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कोणी पैशांचा विषय काढला नाही.

डबा घासून ओट्यावर पालथा घातलाय. आता भरायची पाळी माझी... आणि या वेळी तो कुरियरने जाणार नाही, मी स्वतः घेऊन जाणार आहे.