प्रतिज्ञेची शेवटची ओळ

आमच्या शाळेचा परिपाठ सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सुरू होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, चार बातम्या, की झालं. मी बदलापूरहून स्कूटीने येते, त्यामुळे अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या मैदानात बहुतेकदा राष्ट्रगीत सुरू व्हायच्या बेतातच पोचते आणि हेल्मेट काखेत धरूनच उभी राहते.

मुलं प्रतिज्ञा कशी म्हणतात, हे शाळेत नोकरी केलेल्या माणसाला सांगायला नको. माइकवरची मुलगी एक वाक्य सांगते आणि मागून सगळी शाळा ते म्हणते. श्वास घ्यायचा नाही तिथे घेतात, शेवटचे शब्द गिळतात आणि एक हात पुढे धरून दुसऱ्या हाताने पुढचीची वेणी ओढतात. सव्वीस वर्षं मीही त्या रांगांसमोर हात पुढे करून उभी राहिले, पण त्या वेळी माझ्या डोक्यात बहुधा घरचा गॅस बंद केला की नाही, हेच चाललेलं असायचं. प्रतिज्ञेने कुणाचं काही सुधारत नाही आणि बिघडतही नाही, असं माझं पक्कं मत होतं.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या सुट्टीनंतर, आमच्या संस्थेच्या अध्यक्षांच्या लक्षात आलं की या प्रतिज्ञेत देव नाही. अध्यक्षांचं उल्हासनगरच्या बाजारात फर्निचरचं दुकान आहे. माणूस वाईट नाही. शाळेची बाकं त्यांनी दिली, मुलींची स्वच्छतागृहं त्यांनी बांधून दिली, आणि त्याबद्दल भिंतीवर नाव लावा असा आग्रहही धरला नाही. ते शिक्षकांच्या खोलीत आले आणि म्हणाले की मंत्रीसुद्धा देवाचं नाव घेऊन शपथ घेतात, मग आपल्या मुलांनी का घेऊ नये? आणि वर म्हणाले, “मॅडम, भगवान का नाम लेने में किसी का क्या जाता है?”

मंत्र्यांना दोन वाटा असतात. देवाचं नाव घेऊन शपथ घ्या, नाहीतर न घेता घ्या. हे सहावीच्या वर्गाला मीच शिकवते, नागरिकशास्त्र माझ्याकडेच आहे. पण तेव्हा मी मूग गिळून बसले. मुख्याध्यापकांनी सूचनावही फिरवली आणि पेन माझ्या हातातच होतं, म्हणून सही मीच पहिली केली. ओळ साधी होती: परमेश्वराला साक्षी ठेवून मी ही प्रतिज्ञा घेत आहे, ती पाळण्याचे बळ तो मला देवो. ही आता प्रतिज्ञेच्या शेवटी, ‘जय हिंद’च्या आधी म्हणायची. मला त्यात काही खटकलं नाही. मी रोज देवापुढे दिवा लावून घर सोडते. माझ्या दृष्टीने ती ओळ म्हणजे ताटात वाढलेली आणखी एक चटणी होती.

परिपाठ दर आठवड्याला एक वर्ग घेतो. माझ्या सहावीची पाळी जानेवारीत आली, तीही नेमकी सव्वीस जानेवारीच्या आठवड्यात. प्रतिज्ञा सांगायला मी एका मुलीला निवडलं, आणि त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. तिचा आवाज मैदानाच्या पार टोकाला, कुंपणाबाहेरच्या रिक्षावाल्यांपर्यंत जायचा. तिचे वडील एमआयडीसीत केमिकलच्या कंपनीत ऑपरेटर होते. आई घरी बसून उल्हासनगरच्या कारखान्यातल्या जीन्सचे धागे कापायची. पोत्यातून पँटी यायच्या आणि पोत्यातूनच परत जायच्या. मुलगी शाळेत यायची तेव्हा तिच्या गणवेशावर निळे धागे चिकटलेले असायचे. चौथीपासून ती माइकची वाट बघत होती. नाव सांगितलं तेव्हा ती हसली नाही, नुसती बेंचवर ताठ बसली.

सोमवारी तिने प्रतिज्ञा सांगितली आणि मी शपथेवर सांगते, त्या दिवशी पहिल्यांदा मी ती नीट ऐकली. एकेक शब्द वेगळा, स्वच्छ, घाई नाही. आणि नवी ओळ आली तशी ती तिथून सरळ ‘जय हिंद’वर गेली. मागून सगळ्या शाळेने जय हिंद म्हटलं. मुलांच्या काही ध्यानात आलं नाही. मुख्याध्यापकांनी मात्र माझ्याकडे पाहिलं.

वर्गात गेल्यावर मी तिला बाजूला घेऊन विचारलं. विसरली असेल, असंच मला वाटलं होतं. ती म्हणाली की विसरले नाही, ती ओळ मला म्हणता येत नाही. दिवाळीपासून रांगेत उभी असतानाही म्हणत नव्हती, फक्त रांगेत ते कुणाला कळत नव्हतं. मी तिला सांगितलं की बाबांना घेऊन ये.

वडील दुसऱ्या दिवशी आले, पाळी संपवून थेट, कंपनीच्या बुटांतच. मी खुर्ची दिली तरी आधी बसले नाहीत. आम्ही बौद्ध आहोत, एवढंच त्यांनी आधी सांगितलं. मला वाटलं आता भांडण होणार, आणि मी मनातल्या मनात उत्तरं जुळवायला लागले. पण त्यांचा आवाज चढला नाही.

“बाई, माझ्या आजोबांनी प्रतिज्ञा घेतली होती, देवाला मानणार नाही म्हणून. ती आमच्या घरात अजून चालू आहे. एका तोंडाने दोन प्रतिज्ञा कशा घ्यायच्या, ते तुम्हीच सांगा.”

पुढे ते म्हणाले की देशाची प्रतिज्ञा ती घरीसुद्धा जोरात म्हणते, त्यातला एक शब्द ती सोडणार नाही, तेवढी शेवटची ओळ सोडून द्या. माइकवर नसली तरी चालेल, असंही म्हणाले, पण हे म्हणताना त्यांनी मुलीकडे बघायचं टाळलं.

त्या क्षणी मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटला. प्रतिज्ञा म्हणजे तोंडाने म्हटलेलं खरं मानायचं असतं, हे इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मुलांना मी सांगितलं नव्हतं. मी त्यांना म्हटलं की तीच माइकवर राहील, ती ओळ मी स्वतः म्हणेन, आणि तिला कुणी काही बोलणार नाही. मी आहे ना, असंही म्हटलं. हे शब्द मी आजही विसरू शकत नाही. ते “तुमच्यावर सोडतो” म्हणाले आणि निघून गेले.

बुधवार, गुरुवार तसंच झालं. ती सगळी प्रतिज्ञा सांगायची, एक पाऊल मागे सरकायची, मी पुढे होऊन ती ओळ सांगायची, मुलं माझ्यामागून म्हणायची, आणि मग ती पुन्हा पुढे येऊन जय हिंद म्हणायची. थोडं हास्यास्पद दिसत असणार. पन्नाशीची बाई हेल्मेटने केस विसकटलेले घेऊन परमेश्वराकडे बळ मागतेय. पण मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. किती छान तोडगा काढला, असं मी घरी नवऱ्यालाही सांगितलं.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मुख्याध्यापकांनी बोलावलं. उद्या झेंडावंदनाला अध्यक्ष येणार, पालक येणार, नगरसेवक येणार. तुमचा तो पुढे-मागे प्रकार उद्या नको. एक तर तिने ओळ म्हणायची, नाहीतर दुसरी मुलगी उभी करा. सर निवृत्तीला आले होते आणि त्यांना शेवटची दोन वर्षं शांततेत काढायची होती. मीही काही वेगळी नव्हते.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली. दुसरी मुलगी उभी करायची तर हिला तोंडावर सांगावं लागणार. ओळ म्हण असं सांगायचं तर वडिलांना दिलेला शब्द मोडणार. तेव्हा मी तिसरी वाट काढली, आणि ती सगळ्यांत हीन होती. मी तिला व्हरांड्यात गाठलं आणि सांगितलं की उद्या शेवटच्या ओळीला तू नुसते ओठ हलव, मागची मुलं ओळ म्हणतीलच, आवाजात आवाज मिसळून जाईल.

तिने विचारलं, “पण बाई, मग सगळ्यांना वाटेल ना, मी म्हटली?”

वाटू दे, मी म्हटलं. तिने मान हलवली. ते मी होकार धरलं. बाईंपुढे मुलं मान हलवतातच, तेवढं तरी मला ठाऊक असायला हवं होतं.

सव्वीस जानेवारीला मैदान भरलं होतं. तिचे वडील पालकांच्या रांगेत, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उभे होते, आईही आली होती. झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं, आणि तिने हात पुढे करून प्रतिज्ञा सुरू केली. तिच्यामागून सगळी शाळा. शेवटच्या ओळीपर्यंत सगळं सुरेख झालं. मग ती थांबली. ओठ मिटलेले, हात तसाच पुढे. मागची मुलं म्हणतील, म्हणून ती वाट बघत होती. आणि मागची मुलं, ती सांगेल म्हणून वाट बघत होती.

सव्वीस वर्षं परिपाठ घेणाऱ्या मला एवढं सुचलं नव्हतं. आमची मुलं प्रतिज्ञा कधीच आपणहून म्हणत नाहीत, कुणीतरी सांगेल तेच मागून म्हणतात. सगळं मैदान हात पुढे करून गप्प उभं राहिलं. माइकची घरघर तेवढी ऐकू येत होती. तिने माझ्याकडे पाहिलं. दोन पावलं पुढे जाऊन ती ओळ म्हणणं माझ्या हातात होतं, आदल्या दिवशी म्हटलीच होती की. पण अध्यक्ष पहिल्या रांगेत होते आणि मी माझ्या चपलांकडे बघत राहिले.

शेवटी अध्यक्षच उठले, तिच्या हाताजवळचा माइक घेतला आणि ओळ स्वतः म्हणाले. मुलांनी ती दणक्यात म्हटली. कार्यक्रम पुढे सरकला, कवायत झाली, खाऊ वाटला.

खाऊच्या वेळी अध्यक्षांनी मुख्याध्यापकांना विचारलं की हे काय झालं. मुलगी तिथेच होती, तिचे वडील चार हातांवर. मुख्याध्यापक माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “बाई, तुम्ही तिला सांगितलं नव्हतं?”

“सांगितलं होतं, सर,” मी म्हणाले.

यात एकही शब्द खोटा नव्हता. मी सांगितलंच होतं. काय सांगितलं होतं, ते तिला आणि मलाच माहीत होतं, आणि तिने तोंड उघडलं नाही. तिच्या वडिलांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या पाठीवर हात ठेवून तिला घेऊन गेले. मला त्या दिवशी स्वतःची जेवढी किळस आली तेवढी आधी कधी आली नव्हती. पण किळस येऊन मी काही केलं असंही नाही.

तिला शिक्षा झाली नाही. आमच्याकडे असं काही करत नाहीत. तिला पुन्हा माइकवर घेतलं नाही, एवढंच. वक्तृत्व स्पर्धेच्या यादीत तिचं नाव नव्हतं, ती यादी मुख्याध्यापकांनी केली होती आणि मी ती वर्गात वाचून दाखवली. मधल्या सुट्टीत मुलं तिला चिडवायची, “ए, इसका तो भगवानच नहीं है.” मी एकदा दोघांना रागावले. मग ती डबा वर्गातच बसून खायला लागली. पूर्वी ती तास संपला तरी प्रश्न विचारत मागे यायची, ते बंद झालं. मैदानावर ती रांगेत शेवटी उभी राहायची, आणि शेवटच्या ओळीला मी तिकडे बघायचं टाळत असे.

मे महिन्यात तिचे वडील दाखला न्यायला आले. उल्हासनगरला, बायकोच्या माहेराजवळ शाळा बघितली होती. अर्जात कारण लिहिलं होतं, राहण्याची जागा बदलल्यामुळे. जागा बदललेली नव्हती. मुख्याध्यापकांना बरं वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला असं ते म्हणालेही.

आमच्याकडे लिपिकाचं पद रिकामं आहे, त्यामुळे दाखले वर्गशिक्षकच हाताने भरतात. नाव, जात, जन्मतारीख, प्रगती, वर्तणूक. वर्तणुकीपुढे ‘चांगली’ लिहायचं असतं. पंख्याची पाती वाकवणाऱ्या मुलाच्या दाखल्यावरही मी चांगली लिहिलंय, शिपायाच्या अंगावर धावून गेलेल्याच्याही. मुख्याध्यापक माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले की हिच्यासाठी ‘समाधानकारक’ लिहा, अध्यक्ष विचारतील. वाईट शब्द थोडाच आहे, असंही म्हणाले. मी लिहिलं. माझा हात कुणी धरला नव्हता.

वडिलांनी दाखला घेतला आणि तिथेच उभ्याने, ओळीवर बोट ठेवत वाचला. बोट वर्तणुकीवर थांबलं. थोरल्या मुलाच्या दाखल्यावर चांगली असं होतं, ते म्हणाले, मग हिच्या दाखल्यावर वेगळं का? मी टेबलावरचे कागद सारखे करत राहिले.

मुलगी त्यांच्या कोपराखालून वाकून कागद बघत होती. मग ती वडिलांना म्हणाली, “बाबा, हे बाईंचं अक्षर आहे. बाईंनी लिहिलंय, म्हणजे बरोबर असेल.”

ती टोचून बोलली नव्हती. ती बारा वर्षांची होती आणि तिला खरंच तसं वाटत होतं.