शिबिराचा चष्मा

गावात गाडी शिरली की आता मला आधी बसायला खुर्ची लागते. पूर्वी असं नव्हतं. क्रांती चौकाजवळच्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसातून निघायचं, दौलताबादच्या पलीकडच्या खेड्यांत चष्म्यांची शिबिरं घ्यायची आणि दिवस मावळायच्या आत परतायचं, हे मी इतकी वर्षं करतेय की कुणी ‘फार पुण्याचं काम करता हो’ म्हणालं की जांभई येते. गरिबांच्या आयुष्यात आशा आणि सन्मान वगैरे, अशी छान वाक्यं आमच्या माहितीपत्रकात आहेत. ती मीच लिहिली आहेत. एका म्हातारीमुळे आता ती मला वाचवत नाहीत.

तिच्या गावचं शिबिर शाळेच्या व्हरांड्यात होतं. चष्मे सगळे एकाच फ्रेमचे, जाड आणि निळे. तो रंग आमच्या देणगीदारांनी निवडला होता, फोटोत उठून दिसतो म्हणून. मीही मान डोलावली, कारण एकसारखे चष्मे वाटायला सोपे पडतात.

म्हातारी गोधड्या शिवणारी होती. गावात कुणाकडे बाळंतपण आलं की लोक जुनी लुगडी घेऊन तिच्याकडेच जायचे. पण दोन वर्षांपासून तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता, टाका दिसत नव्हता, त्यामुळे हात थांबले होते. डोळे तपासून झाल्यावर मी तिला चष्मा लावला. तिनं पदरात खोचलेली सुई काढली आणि पहिल्याच झटक्यात दोरा ओवला. सगळा व्हरांडा बघत होता. मग ती मला म्हणाली, “मॅडम, आरसा हाय का?”

मागं ही मोठी रांग होती. ऊन अंगावर आलं होतं, माझी कंबर धरली होती. मी म्हणाले, “मावशी, या वयात कुणाला दाखवायचंय?”

सगळे हसले. तीही हसली आणि तिनं पदर पुढं ओढून घेतला. तिचं कपाळ कुंकवावाचून मोकळं होतं. ते मला दिसत होतं आणि तरी मी बोलले.

महिन्यानं चौकशीला गेले, तर गावभर एकाच्याही नाकावर निळा चष्मा नाही. कुणाचा खुंटीला होता, कुणाचा पिठाच्या डब्यावर. म्हातारीच्या घरी अर्धवट गोधडी घडी घालून ठेवलेली, सुई तशीच टोचलेली. मी चष्म्याचं विचारलं. तिनं तो पेटीतून काढून माझ्या हातात दिला.

“धुऊन ठिवलाय,” ती म्हणाली. “एखाद्या गरिबाला द्या.”

घरात दोन पातेली, एक पेटी आणि वर गंजलेले पत्रे. याहून गरीब मी कुठून शोधून आणणार होते? मला राग आला. खोटं कशाला सांगू, चांगलाच आला.

“मग गोधडी कोण शिवणार?” मी विचारलं.

“लावला की लोक म्हनत्यात, शिबिराचा चष्मा आला. लांबूनच कळतंय, हिला फुकट भेटलाय.” तिचा आवाज चढला नाही. “माझ्या हातची गोधडी नाय असं एक घर नाय या गावात. मी कुनाकडं हात पसरला नव्हता. आरसा मागितला व्हता नुसता.”

परतीच्या वाटेवर ड्रायव्हरनं दोनदा चहाचं विचारलं, तर त्याच्यावरच डाफरले.

दुसऱ्या दिवशी तो चष्मा घेऊन ऑफिसजवळच्या चाचांच्या चष्म्याच्या दुकानात गेले. सगळं सांगितलं. त्यांनी निळी फ्रेम उलटीपालटी करून बघितली आणि त्यांना हसूच फुटलं. “सबको एकीच फ्रेम? इस्कूल का युनिफॉर्म है क्या मॅडम?” मग म्हणाले, “मेरे दुकान में सत्तर साल की अम्मा भी आधा घंटा आईने के सामने रहती. मैं चाय पीता बैठता.”

आमच्या शिबिराच्या सामानाच्या यादीत सतरंजी होती, बॅनर होता, पाहुण्यांसाठी शाल-नारळ होता. आरसा एकदाही नव्हता. यादीही मीच करते.

चाचांनी खोकंभर वेगवेगळ्या फ्रेमा दिल्या. घरचा आरसा गुंडाळून मी पुन्हा गेले. म्हातारीनं एकेक फ्रेम लावली, मान इकडे वळवली, तिकडे वळवली, काढली. मी उकिडवी बसून आरसा धरलेला, पायांना मुंग्या आलेल्या. शेवटी ती म्हणाली, “यातला कुठलाच नको. बारीक काड्यांचा काळा बघा.”

खोकं बाहेर भिरकावावंसं वाटलं. त्याऐवजी वहीत लिहून घेतलं: बारीक काड्या, काळा.

एका चष्म्यासाठी ऑफिसची गाडी मिळणार नव्हती. आठ दिवसांनी तसा चष्मा करून घेऊन मी एसटीनं गेले, फाट्यावर उतरून पुढं चालत. म्हातारी दारातच होती. मी तिच्यापुढं बसले आणि आरसा धरला. तिनं चष्मा लावला, कानामागचे केस सारखे केले आणि स्वतःकडे बघत राहिली. मी आरसा तसाच धरून ठेवला. बऱ्याच वेळानं ती “हां” म्हणाली.

मग तिनं हातानं आरसा खाली केला आणि तेवढ्याच निवांतपणे माझ्या तोंडाकडे बघितलं.

“लई थकलीस गं माय,” ती म्हणाली. तोवर तिच्यासाठी मी मॅडम होते. “टेक जरा भिंतीला. पानी आनते.”

इतक्या वर्षांत किती घरांतून मी घाईघाईनं सह्या घेऊन निघाले असेन, पण असं कुणी बसवलं नव्हतं. की मीच बसले नव्हते? मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. तिनं तांब्या माझ्यापुढं ठेवला, गोधडी मांडीवर ओढली आणि माझं पाणी पिऊन व्हायच्या आत सुईत दोरा ओवला.