बदामीची कांती

वसईपासून विरारपर्यंत माणसांचे चेहरे उजळून देणाऱ्या बायका गल्लोगल्ली सापडतील, पण शेळीच्या पाठीवरून हात फिरवून "हिची स्किन फार ड्राय झालीय" असं गंभीरपणे सांगणारी बाई एकच, आणि ती माझी नणंद आहे, हे मी कुठेही मान ताठ करून सांगते. मी त्यांना ताई म्हणते. नालासोपाऱ्यात त्यांचं ब्यूटी पार्लर आणि जवळच्या गास गावात, सासरच्या वाडीत, केळींच्या पलीकडे त्यांच्या शेळ्या. मध्ये धावते ती एक जुनी स्कूटर. संध्याकाळी ताई पार्लर बंद करतात तेव्हा भाजीवाल्यांनी ठेवलेला फ्लॉवरचा पाला स्कूटरवर पायांशी दाबून बसवतात, आणि सकाळी कुणा नवरीच्या भुवया कोरायला येतात तेव्हा ओढणीला एखादी लेंडी चिकटलेली असते. नवरीने नाक मुरडलं तर ताई तिला समजावतात की पाला खाणाऱ्या जनावराचा वास कधी घाणेरडा नसतो, तुझ्या सेंटपेक्षा बराच बरा असतो.

ताईंना माणूस भेटला की आधी त्याची कातडी दिसते, मग माणूस. माझ्या लग्नात गृहप्रवेशाच्या वेळी त्यांनी माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. सगळ्यांना वाटलं, नणंद वहिनीचं रूप न्याहाळतेय. माझ्या कानात मात्र त्या हळूच म्हणाल्या की पूजा आटोपली की हिमोग्लोबिन तपासून घे. तपासलं तर खरंच कमी निघालं. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचा बाटल्यांवरचा विश्वास. जे बाटलीत मिळतं ते अंगाला लागतंच, आणि थोड्याने गुण येतो तर जास्तीने जास्त येणार, हे त्यांचं साधं गणित. आमच्या घरात आवळ्याचा रस पिऊन पिऊन नवऱ्याचे दात आंबले होते, पण मोठ्या बहिणीपुढे बोलायची त्याची प्राज्ञा नव्हती.

या गणिताचा सगळ्यात मोठा प्रसाद मिळाला तो बदामीला. बदामी ही त्यांची लाडकी शेळी, नावाप्रमाणेच रंगाची. ती व्याली तेव्हा दूध भरपूर यावं म्हणून ताईंनी तिला कॅल्शियमची बाटली सुरू केली. पुढे दूध आटलं, करडं मोठी झाली, पण बाटली चालूच राहिली. मग पाऊस संपता संपता बदामीच्या डोळ्यांभोवतीचे केस झडायला लागले. गुडघ्यांवर जाड पापुद्रे धरले, कानांच्या कडा खरखरीत झाल्या. ताईंनी पार्लरची सगळी विद्या पणाला लावली. खोबरेल झालं, हळद झाली, कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ झाली. कोरफडीचा गर लावला तो बदामीने स्वतःच चाटून संपवला. शेळी चकाकायला लागली, पण केस काही येईनात.

ताईंचे सासरे जुन्या वळणाचे शेतकरी, बोलायला मोजके. ते म्हणाले, ही बकरी काढून टाक, नाहीतर बाकीच्यांनाही होनार. त्यांनी बकऱ्यांच्या एका व्यापाऱ्याला दिवाळीनंतर येऊन जा असं सांगूनही टाकलं. शेजारच्या काकू कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "लागट असनार ते. इथे पोरं खेळतात, तुम्हाला कळत कसं नाय?"

इथे एक सांगायला हवं. ताईंच्या दोन्ही हातांवर, मनगटापासून बोटांपर्यंत, कोडाचे पांढरे डाग आहेत. पार्लर नवं होतं तेव्हा कितीतरी बायका दारातून त्यांचे हात बघून परत फिरायच्या. ताई प्रत्येकीला शांतपणे सांगायच्या की हे लागट नाही. काही थांबायच्या, काही जायच्या. त्या दिवशी काकूंच्या तोंडून तोच शब्द आला तेव्हा मी तिथेच होते. ताईंनी बदामीची दोरी सोडून हातात घेतली. मग म्हणाल्या, "लागट आहे की नाही ते डॉक्टर बघतील. मी तिला वेगळी बांधते. पण तोवर तिला कुणी काही बोलायचं नाही."

जनावरांचे डॉक्टर आले. वयाने तरुण, पण घाई नसलेले. त्यांनी पापुद्रे खरवडून नेले, सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि परत येऊन सांगितलं की खरजेचे किडे नाहीत, बुरशीही नाही. मग खायला काय देता ते विचारलं. ताईंनी मोठ्या अभिमानाने कॅल्शियमच्या रिकाम्या बाटल्यांची रांग दाखवली. डॉक्टर रांगेकडे बघत राहिले.

"मॅडम," ते म्हणाले, "तुम्ही हिला मायेने आजारी पाडलंय."

कॅल्शियम गरजेपेक्षा जास्त झालं की खाण्यातलं जस्त, म्हणजे झिंक, अंगी लागत नाही, आणि जस्त कमी पडलं की कातडी अशी होते, हे त्यांनी समजावून सांगितलं. बाटली बंद. त्याऐवजी जस्त असलेलं मिनरल मिक्श्चर, रोज भुशातून, ते सांगतील तेवढंच. जास्त दिलं तर तेही बाधेल. ताईंना बाकी सगळं पटलं, हे शेवटचं वाक्य मात्र पचायला जड गेलं. पण त्यांनी पथ्य पाळलं. फेसपॅक कालवायचा चमचा त्यांनी गासला नेला, रोज भुकटी त्यात भरायच्या आणि वरून सुरीने सपाट करायच्या. भुकटीचा वास बदामीला आवडेना, म्हणून भुशावर गुळाचं पाणी शिंपडायच्या. वरून लावायचं काहीच नव्हतं, त्यामुळे त्यांचे हात रिकामे झाले होते, आणि रिकाम्या हातांनी त्या नुसत्या तिच्याजवळ बसून असायच्या. व्यापारी येऊन गेला. ताईंनी त्याला चहा दिला आणि शेळी दाखवलीच नाही. सासऱ्यांनी त्याला पुन्हा बोलावलं नाही.

मग एका दुपारी त्याच सासऱ्यांचा पार्लरमध्ये फोन आला. "तुझ्या बदामीला डोल्याखाली लव फुटलीय," ते म्हणाले. "येऊन बघ." ताईंनी नुकताच एका गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर मुलतानी मातीचा लेप चढवला होता. तिला सोडून जाणं बरं नव्हतं आणि थांबणं शक्य नव्हतं. शेवटी ती बाईच म्हणाली की हा वाळेपर्यंत तसंही बसायचंच आहे, चला. नालासोपाऱ्याहून गासच्या रस्त्याने त्या दिवशी एक स्कूटर गेली, पुढे डोळे पुसत ताई आणि मागे मातीने माखलेल्या तोंडाची एक अनोळखी बाई. बदामीने दोघींना बघितलं आणि मागचीला बघून दोरी तोडायची तेवढी बाकी ठेवली. पण लव खरी होती. महिन्याभरात गुडघे भरून आले, आणि ताईंनी पार्लरच्या भिंतीवर नववधूंच्या फोटोंमध्ये बदामीचा फोटो लावला.

पुढे शेजारच्या काकूंची शेळी अंग घासायला लागली. काकू खाली मान घालून आल्या आणि भुकटी मागू लागल्या. ताईंनी दिली नाही. म्हणाल्या, दिसायला सारखं असलं तरी दुखणं सारखं नसतं, आधी डॉक्टरांना दाखवा. ती खरीखुरी खरूज निघाली. इंजेक्शनाच्या वेळी तिला धरायला, वेगळं बांधायला ताईच पुढे. ती बरी झाल्यावर काकूंनी ताईंचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले. ताईंनी काकूंचे तळवे उलटेसुलटे करून पाहिले आणि सांगितलं की फार कोरडे पडलेत, झोपताना खोबरेल लावा.

आता बदामी म्हातारी झाली आहे. करडं होत नाहीत, दात झिजलेत, ताई तिला पाला हाताने बारीक करून भरवतात. परवा मी गासला गेले तेव्हा दोघी अंगणात कलत्या उन्हात बसल्या होत्या. हिच्यानंतर दुसरी घेणार का, असं मी विचारलं. ताईंनी बदामीच्या कानावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हिच्यानंतरचं हिच्यासमोर कशाला?"

माझी सावली त्यांच्यावर पडत होती, म्हणून मी थोडी बाजूला सरकले.