रोज घालायचा शर्ट

चहाचा कप हातात आला की ते आधी तो उंच धरून त्याचं बूड पाहायचे. मग वास घ्यायचे. मग एक घोट घेऊन म्हणायचे, "असू दे. पण ह्यात काहीतरी आहे."

चहात काहीही नसायचं. आमच्या ऑफिसच्या कँटीनचा पाणचट चहा तो, त्यात कुणी काय घालणार? पण त्यांना विचारलं तर म्हणायचे, "दूध इतकं पांढरं नसतं, मॅडम."

तुम्हीही असा एखादा गृहस्थ पाहिला असेल. फरक एवढाच की आमचे हे गृहस्थ पर्चेस डिपार्टमेंटला होते, म्हणजे संशय घेण्याचा त्यांना पगार मिळायचा. नोएडातल्या आमच्या कारखान्यात स्क्रू घ्यायचा असो की पंखा, तीन कोटेशनं मागवायची आणि तिघांवरही विश्वास ठेवायचा नाही, हे त्यांचं काम. ते काम ते घरीही घेऊन जायचे. एकदा दाढ दुखायला लागली तर तीन डेंटिस्टांना दाखवून आले. तिघांनी एकाच दाढेवर बोट ठेवलं. तर म्हणाले, "तिघं आतून मिळालेले आहेत."

राहायलाही आम्ही दिल्लीच्या द्वारकेतल्या एकाच सोसायटीत, एकाच जिन्यात होतो. द्वारका तेव्हा नवी नवी वसत होती. इमारती झाल्या होत्या, झाडं यायची होती, पाणी टँकरने यायचं. टँकर आला की आम्ही बायका बादल्या घेऊन धावायचो आणि हे आधी ड्रायव्हरला गाठायचे. "कहाँ से भरा?" तो बिचारा म्हणायचा, "ज़मीन से, अंकल." ह्यांना तेही पटायचं नाही.

ऑफिसात मी त्यांची 'मॅडम' आणि सोसायटीत 'वहिनी'. सकाळी द्वारकेहून नोएडाला नेणारी आमची चार्टर्ड बस होती, तिच्यात मी कधी मॅडम तर कधी वहिनी. त्या बसमध्ये रोजचेच लोक, रोजच्याच जागा. आणि बसमधली सगळी मंडळी ह्यांना हाक मारायची ती 'फौजी साब' अशी.

त्यात मंडळींची चूक नव्हती. उंच, ताठ, बारीक कापलेले केस, भरदार मिशी आणि त्यातून मराठी. दिल्लीत असा माणूस दिसला की लोक एकच गोष्ट धरून चालतात. कुणी नवीन प्रवासी कौतुकाने विचारायचा, "कौन सी पलटन में थे, साब?" ते खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "नहीं. कभी नहीं था." एरवी समोरच्याला दहा प्रश्न विचारणारा हा माणूस ह्या एका विषयावर दार लावून घ्यायचा.

कारण मला त्यांच्या बायकोकडून कळलं. गाव साताऱ्याकडचं, घरटी एक तरी माणूस फौजेत. आजोबा फौजेत, वडील सुभेदार होऊन घरी आलेले. हे वयात आले तेव्हा वडील स्वतः त्यांना भरतीला घेऊन गेले. धावण्यात हे पुढे होते, छातीही भरली. मग डॉक्टरांनी सरळ उभं केलं, तर दोन्ही गुडघे एकमेकांना लागले. गुडघे लागणाऱ्याला फौज घेत नाही. झालं, तिथेच संपलं. परत येताना एसटीत बापलेक शेजारी बसले होते आणि वडील गाव येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. पुढेही त्याविषयी कधी बोलले नाहीत.

"चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," बायको म्हणाली. "हे अजून त्या गप्प बसण्याचा अर्थ लावतायत."

तर एका हिवाळ्यात जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, त्या नव्या मॉलमध्ये जरा चला. तिथल्या मुली माझ्याशी इंग्रजी बोलतात."

तिथल्या एका दुकानात काचेआड एक शर्ट टांगला होता. खाकीकडे झुकणारा हिरवा, जाड लोकरी कापडाचा, छातीवर दोन झाकणाचे खिसे, खांद्यावर पट्ट्या. डाव्या खिशावर काळ्या शाईत एक लांबलचक नंबर. तेव्हा कॉलेजातली पोरं असले कपडे घालायला लागली होती, पण ह्यांच्या वयाचं कुणी नव्हतं. त्यांनी शर्ट काढायला लावला, उलटा केला, शिवण ताणून पाहिली.

"ये असली है?" त्यांनी दुकानातल्या मुलीला विचारलं.

"सर, विंटेज रिप्रोडक्शन है."

"मतलब नकली."

"नहीं सर, नकली नहीं. पुराने ज़माने की आर्मी शर्ट की हूबहू कॉपी."

"किस आर्मी की?"

मुलीने लेबल उलटसुलट करून पाहिलं. "सर... इंपोर्टेड आर्मी की."

मला हसू आवरेना. ते हसले नाहीत. "और ये नंबर किसका है?"

"किसी का नहीं, सर. डिज़ाइन है."

ते माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "कुणाचा नाही असा नंबर असतो का हो? कुणाचा तरी असणारच. तो माणूस आहे का गेला, हे तरी हिला ठाऊक आहे का?" आबांचा, म्हणजे वडिलांचा फौजेतला नंबर त्यांना पाढ्यासारखा पाठ होता.

त्या दिवशी शर्ट घेतला नाही. अजून दोन दुकानं पाहायची होती, हे सांगायला नकोच. पण आठवड्याभरातच एका धुक्याच्या सकाळी तो शर्ट अंगात घालून ते बससाठी उभे होते. वर बिनबाह्यांचा स्वेटर चढवला होता, खिशावरचा नंबर झाकायला.

"थंडीसाठी घेतलाय," ते म्हणाले. "रोज घालायला. दुसरं काही नाही."

मी काही विचारलंच नव्हतं. सहवासाने मलाही त्यांचा रोग लागला असावा. मी मनात म्हटलं, नक्कीच दुसरं काहीतरी आहे.

बसमध्ये एकच गलका झाला. "वाह फौजी साब! आज तो वर्दी में!" आता हे सगळ्यांना झापणार म्हणून मी वाट पाहत होते. ते "नहीं" म्हणाले खरे, पण इतक्या हळू की ते मलाच ऐकू आलं. मग कॉलर नीट करून जागेवर बसले. त्यानंतर तो शर्ट रोज. रविवारी धुवायचा, सोमवारी पुन्हा अंगात. चहाच्या कपाचं बूड पाहणंही त्या दिवसांत जरा कमी झालं होतं.

आणि मग गावाहून फोन आला, की आबा येतायत. कान पार गेले होते, दिल्ली छावणीतल्या मिलिटरी हॉस्पिटलात दाखवायचे होते. मुलाचं दिल्लीतलं घरही त्यांनी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी हे आमच्या दारात पिशवी घेऊन हजर. पिशवीत शर्ट.

"महिनाभर तुमच्याकडे राहू दे, वहिनी. आणि भाऊसाहेबांना घालू देऊ नका." भाऊसाहेब म्हणजे माझा नवरा.

"का हो? आबा रागावतील?"

"रागावत नाहीत ते," ते म्हणाले. "गप्प बसतात."

आबा आले, आणि मी चकितच झाले. मला वाटलं होतं मिशांना पीळ देणारा कुणी आडदांड सुभेदार येईल. आला तो मुलाच्या खांद्याएवढा, हसरा, ठार बहिरा म्हातारा. संशय हा शब्दच त्यांच्या गावी नव्हता. टँकरचं पाणी ओंजळीने प्यायचे. भाजीवाल्याने दिली ती भाजी घ्यायचे आणि वर त्याच्या पोराबाळांची चौकशी करायचे. सगळं मोठ्याने, सगळं साताऱ्याच्या मराठीत. भाजीवाला बिहारी होता, पण दोघांचं उत्तम जमलं होतं.

घोळ घातला तो आमच्या नवऱ्याने. एका सकाळी कडाक्याची थंडी होती, ह्याचा स्वेटर धुवायला टाकलेला. दूध आणायला जाताना कपाटात हाताला लागला तो शर्ट ह्याने चढवला. मी बाथरूममध्ये. दुधाच्या रांगेत आबा उभेच होते. शर्ट पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"कंची पलटण तुमची?"

माझा नवरा म्हणजे राजा हरिश्चंद्र. "माझा नाही हो हा. तुमच्या मुलाचा शर्ट आहे."

"आँ?"

"तुमच्या मुलाचा!" हा ओरडला. सगळ्या रांगेने ऐकलं.

आबांनी त्याचा दंड धरला आणि त्याला जिना चढवत वर आणलं. मी दार उघडलं तर हे दोघं आमच्या दारावरून पुढे चाललेले, म्हणून मीही मागोमाग गेले. वर ह्यांनी दार उघडलं. तोंडाला दाढीचा फेस होता. त्यांनी शर्ट पाहिला, माझ्या नवऱ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे. फेसाखालचा चेहरा उतरलेला मला स्पष्ट दिसला.

"ह्यो तुजा?" आबांनी विचारलं.

"हो."

"आँ?"

"हो! माझा!"

"नंबर कुनाचा ह्यो?"

"कुणाचा नाही! खोटा आहे, आबा! दुकानातला आहे!" बहिऱ्या बापाला ऐकू जावं म्हणून त्यांना ओरडावं लागत होतं. "सगळा शर्टच खोटा आहे!"

जिन्यात ते घुमलं. वरच्या मजल्यावर कुणाचं तरी दार उघडलं. जी गोष्ट हा माणूस जन्मभर कुणाजवळ पुटपुटलाही नसता, ती आता चार मजल्यांना कळली होती. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

आबा मुलाला काही बोलले नाहीत. माझ्या नवऱ्याला म्हणाले, "काढा." त्याने मुकाट्याने काढला आणि ऐन जानेवारीत बनियनवर हातांची घडी घालून उभा राहिला. आबांनी कापड दोन बोटांत चोळून पाहिलं. मग शर्ट स्वतःच्या बंडीवर चढवला. बाह्या बोटांच्याही खाली आल्या, त्या दुमडल्या. गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या.

"ऊब हाय," ते म्हणाले. "मला ऱ्हाऊ दे." आणि आत चहा प्यायला गेले.

आबा गावी परतले ते तोच शर्ट घालून. आणि दुसऱ्याच दिवशी बसमध्ये ह्यांनी मला विचारलं, "वहिनी, आबांनी शर्ट का घेतला असेल?"

"थंडी वाजत होती म्हणून."

"स्वेटर होते की. नवे आणले होते मी त्यांच्यासाठी."

"मग आवडला असेल."

"का माझ्या अंगावर नको म्हणून घेतला?"

मी म्हटलं, "कसलं काय! एवढा विचार ते करत नसतील." पण त्यांना माझं उत्तर पुरेना. त्यांनी बायकोला विचारलं, माझ्या नवऱ्याला विचारलं. तिघांनी एकच सांगितलं, की म्हाताऱ्याला शर्ट आवडला. झालं, ह्यांना तेवढंच पुरे. "तुम्ही तिघं आतून मिळालेले आहात."

"अहो भाऊजी, मग त्यांनाच विचारा ना," मी एकदा वैतागून म्हटलं.

"विचारलं तर ते खरं सांगतील असं नाही," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "आणि खरं सांगितलं तर?"

मला त्यांचा राग आला होता आणि त्याच वेळी कीवही येत होती. ह्या दोन्ही गोष्टी एकदम वाटायला लावणारी माणसं फार थोडी असतात. पुढचे हिवाळे त्यांनी साध्या स्वेटरवर काढले. बसमधले विचारायचे, "फौजी साब, वर्दी कहाँ गई?" ते खिडकीबाहेर बघायचे. आणि दर थंडीत कधीतरी, यमुनेच्या पुलावर बस अडकली की, तोच प्रश्न फिरून यायचा. का घेतला असेल?

मग आबा गेले. हे गावी जाऊन दिवस करून आले. त्याच सुमारास आमच्या कंपनीत परदेशी भागीदार आले, पर्चेस सगळं कॉम्प्युटरवर गेलं आणि जुन्या लोकांना पैसे देऊन घरी बसवायची योजना निघाली. ह्यांनी त्या योजनेतही काहीतरी आहे असं जाहीर केलं आणि मग पहिल्या दिवशी सही केली. गावी आई एकटी होती. द्वारकेचं घर विकायचं ठरलं.

सामानाचा ट्रक खाली लागला त्या सकाळी ते निरोप घ्यायला आले. अंगात तोच शर्ट. कॉलर उसवून उलटी लावलेली, रंग पार विटलेला, खिशावरचा नंबर वाचता येत नव्हता.

"आईने दिला," ते म्हणाले. "काका सांगत होते, आबा गावभर सांगत हिंडायचे. पोराचा शर्ट आहे, दिल्लीचा."

"मग? आता तरी पटलं ना?"

"काकांचं काय घेऊन बसलात, वहिनी. मला बरं वाटावं म्हणूनही म्हणाले असतील."

मी कपाळावर हात मारून घेतला. तेव्हा ते खिडकीजवळ सरकले आणि हात दुमडून कोपर माझ्यासमोर धरलं. कापड विरून जाळी झाली होती. आतून आईने जुन्या लुगड्याचं ठिगळ लावलं होतं, आणि ते ठिगळही झिजून त्याला भोक पडलं होतं. त्यांनी दुसरं कोपर दाखवलं. तेही तसंच.

"रोज घातल्याशिवाय असं होत नाही ना, वहिनी?"

"नाही होत," मी म्हटलं.

माझा नवरा तिथेच उभा होता. ह्या वेळी त्यांनी त्याला विचारलं नाही. खालून ट्रकवाल्याने हॉर्न दिला, तसे ते एका हाताने दुसऱ्या हाताचं कोपर धरून जिना उतरून गेले.