डावा चार, उजवा सहा

आमच्या घरात बूट स्वयंपाकघरात धुतले जातात. ज्यांना हे किळसवाणं वाटतं त्यांनी आमच्याकडे चहा घेऊ नये, सोपं आहे. बाथरूममध्ये उजेड नाही, गॅलरीत कबुतरं, राहिलं ओट्याशेजारचं सिंक. तिथे मी गेली काही वर्षं जुने, बंद झालेल्या मॉडेलचे स्नीकर घासते, चिकटवते, रंगवते. ऑफिसात दिवसभर लॅपटॉपवर जे करते ते कुणाला दाखवता येत नाही. बूट दाखवता येतो. काल काळाकुट्ट होता, आज पांढरा आहे, बोला!

येरवड्याच्या या फ्लॅटमध्ये मी आणि माझी ताई, दोघीच. माझा संसार लवकर आटोपला, ताई त्या भानगडीत पडलीच नाही. ती माझ्याहून बरीच मोठी, सरकारी नोकरीतून नुकतीच निवृत्त झालेली. जन्मतःच तिचा डावा पाय आत वळलेला होता. लहानपणी ऑपरेशनं झाली, पाय सरळ झाला, पण वाढला नाही. उजव्या पायाला सहा नंबरचा बूट लागतो, डाव्याला चार. दुकानात सुटा बूट कोण देतो? म्हणून आयुष्यभर ती सहाचा जोड घेऊन डाव्यात कापूस कोंबत आली. कुठे चपला काढायची वेळ आली की सगळे आत जाईपर्यंत भिंतीला टेकून उभी राहायची, मग हळूच काढून पिशवीत घालायची आणि पिशवी मांडीजवळ घेऊन बसायची, पाय साडीत ओढून. मी हे लहानपणापासून बघत आलेय आणि दर वेळी माझं डोकं फिरतं.

नोकरी लागल्या लागल्या तिने कॅम्पातल्या एका दुकानाच्या काचेत एक जोड पाहिला होता. पांढराशुभ्र, टाचेवर निळी पट्टी. आत जाऊन तिने विचारलं, डावा चार आणि उजवा सहा असा मिळेल का. मालक म्हणाला, "मिळेल की. उरलेले मी घालतो." ताई हा किस्सा आम्हाला हसत हसत सांगायची, मालकाची नक्कल करून. पण त्या दुकानाची पायरी ती पुन्हा चढली नाही.

तर मागच्या थंडीत मी जुन्या बाजारात पान्यांच्या आणि पंख्यांच्या ढिगाऱ्यातून वाट काढत होते, आणि समोर तोच जोड. आधी विश्वासच बसेना. टाचेवरची निळी पट्टी उडून राखाडी झालेली, सोल हळदीत बुडवल्यासारखे पिवळे, पण तोच. उलटा करून पाहिला, नंबर चार! अंगावर काटा आला माझ्या. विकणाऱ्याला कळू नये म्हणून तोंड वाकडं करून "शी, काय अवस्था आहे" वगैरे म्हणाले. मग सुरू झाली सहा नंबरच्या जोडाची शोधाशोध. जुने बूट जमवणाऱ्यांचे जेवढे ग्रुप आहेत तेवढ्यांत मी भुणभुण लावली. शेवटी परगावच्या एका संग्राहकाकडे सापडला, वर्षानुवर्षं खोक्यात झोपलेला. त्या माणसाने आधी ठाम नकार दिला. मी ताईची गोष्ट सांगितली तर दुसऱ्या दिवशी पार्सल रवाना.

दोन जोड ओट्यावर मांडले आणि ताईला हाक मारली. तिने चारही बूट उलटेपालटे करून बघितले. मग म्हणाली, "हे जुळले तर बुद्ध पौर्णिमेला विहारात घालून येईन, पांढऱ्या साडीवर. पण दोन वेगळे दिसले तर नाही घालणार. आजवर लोक पायाकडे बघायचे, मग बुटांकडे बघतील, एवढाच काय तो फरक."

झालं. अट रास्त होती आणि माझी झोप उडाली. कारण जुना बूट पांढरा करणं माझ्या हातचा मळ आहे, पण दोन वेगळ्या घरचे, वेगळ्या नशिबाचे बूट एकसारखे पांढरे करायचे म्हणजे कर्मकठीण. पिवळ्या सोलला केस ब्लीच करायचं क्रीम फासायचं, वरून प्लॅस्टिकची पातळ फिल्म गुंडाळायची आणि कडक उन्हात ठेवायचं, अशी ही रीत. पार्लरचं सामान विकणाऱ्याकडे मी क्रीमचा मोठा डबा मागितला तर त्याने माझ्या केसांकडे बघत विचारलं, तुमच्यासाठी का? म्हटलं नाही, बुटांसाठी. त्याने डबा पुढे सरकवला आणि पैसे मोजून घेतले.

ऊन मात्र एप्रिल-मेचं, आपलं पुण्याचं, फुकट आणि भरपूर! गच्चीवर एकीकडे शेजारणीच्या कुरडया, दुसरीकडे माझे गुंडाळलेले बूट. शेजारीण त्यांच्याकडे अशी बघायची की जणू बूट उड्या मारून कुरडयांत जाणार आहेत. पहिल्या खेपेला चार नंबर इतका पांढरा झाला की शेजारी सहा नंबर मळकट दिसायला लागला. म्हणून सहाला उन्हात घातलं, तर तो पुढे गेला. मग परत चारला. लोण्याच्या वाटणीतलं माकड झालं होतं माझं, या पारड्यातलं खा, त्या पारड्यातलं खा. ऑफिसातून मी ताईला फोन करून विचारायची, ऊन कुठपर्यंत आलंय, फिरवलेस का, आणि ती बिचारी गच्चीचे जिने चढून बूट फिरवून यायची. एकदा म्हणाली, पोळ्या एवढ्या मनापासून भाजल्या असत्यास तर. मी फोन ठेवून दिला.

सोल जुळले तर निळ्या पट्ट्या अडून बसल्या. चामड्याच्या रंगात थेंब थेंब काळा मिसळत बसले, तीनदा पुसून काढलं. मग लक्षात आलं की लहान बुटाला लेसच्या भोकांची एक जोडी कमीच आहे! तीही पाडली, श्वास रोखून. सगळं संपलं तेव्हा पौर्णिमा दुसऱ्या दिवसावर आली होती. डावा चार आणि उजवा सहा दाराशी ठेवले. ताईने चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं, लांबून पाहिलं. मग म्हणाली, "बरे आहेत." आमच्याकडे यापेक्षा मोठं कौतुक होत नाही, मी स्वयंपाकघरात जाऊन नाचले.

सकाळी विहाराशी पोचलो तर सगळीकडे पांढरंच पांढरं. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, ओळखीचे लोक, जय भीम, जय भीम. मी सवयीने भिंतीकडे वळले. ताई वळली नाही. ती सरळ पायरीशी गेली, सगळ्यांच्या देखत बूट काढले आणि पहिल्या रांगेत मधोमध ठेवले. पिशवी आणलीच नव्हती तिने. माझे डोळे भरून आले, आणि अशा वेळी मला काय करावं सुचत नाही म्हणून मी एका काकांना उगाचच सरकून उभं राहायला सांगितलं.

वंदना झाली, त्रिशरण, पंचशील झालं, खीर मिळाली. बाहेर आलो तर बूट गायब.

त्यांच्या जागेजवळ दुसरेच पांढरे बूट होते, साधे, टाचेवर कसलीशी निळी नक्षी. आता मात्र माझी सटकली. आत्ताच आत चोरी करणार नाही म्हणून शील घेतलं ना सगळ्यांनी, असं मी मोठ्याने विचारलं. चार लोक शोधायला लागले. ताई पायरीवर बसली होती, अनवाणी, पाय साडीत ओढून. तिचा चेहरा बघवेना. मी रस्त्यापर्यंत धावत जाऊन आले, परत येते तो फाटकातून एक काकू लंगडत आत येताना दिसल्या. पायात आमचे बूट! उजवा नीट घातलेला, डाव्याची टाच चेचून त्यावर पाय टाकलेला. माझी ती टाच, आठवडाभर ओल्या फडक्याने दाबून सरळ केलेली. मी तोंड उघडणार तेवढ्यात ताईने माझा हात घट्ट धरला.

काकू येऊन तिच्या शेजारीच बसल्या, बूट काढला आणि डावा पाय चोळायला लागल्या. कोपऱ्यापर्यंत गेले पण पुढे चालवेना, म्हणाल्या. येताना चांगले बसले होते, आता डावा आतच जाईना, नक्की पाय सुजलाय. शुगर आहे, भीतीच वाटते, उद्या डॉक्टरांना दाखवते.

ताईने विचारलं, "बूटच लहान नसेल कशावरून?"

"छे हो," काकू म्हणाल्या, "एकाच जोडातला बूट आहे तो. खोट पायातच असणार."

ताई हसायला लागली. आधी हळू, मग खांदे गदगदायला लागले, मग डोळ्यांतून पाणी. काकू घाबरून माझ्याकडे बघायला लागल्या.

शेवटी पदराने डोळे पुसून ताई म्हणाली, "तुमच्या पायात काही खोट नाही, काकू. बूट माझा आहे."

मग तिने चेचलेली टाच बोटाने उचलली आणि साडीतून डावा पाय बाहेर काढून बुटात सरकवला. काकू वाकून तिच्या पायाकडे बघत राहिल्या. ताईने तो मागे घेतला नाही.